गाडीचं रिपेअर मॅन्युअल: छापील घ्यावं की डिजिटल?

गाडीचं काम घरी करायला निघालेला माणूस आधी पान्यांचा सेट आणतो, मग यूट्यूबवर व्हिडिओ बघतो आणि बोल्टचे आटे गेले की मॅन्युअल शोधायला लागतो. हा क्रम उलटा हवा. मॅन्युअल आधी, पाने नंतर. कारण कुठल्या मापाचा पाना लागणार, कुठलं पॅकिंग नवीन आणून ठेवायचं, कुठला बोल्ट एकदा काढला की परत वापरायचा नाही, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं.

मग प्रश्न येतो छापील की डिजिटल. माझं मत सरळ आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला छापील पुस्तक मिळत असेल तर तेच घ्यावं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक सरकारी नियमांच्या) गाडीला डिजिटल घ्यावं. आणि मॅन्युअल कुठलंही असो, गाडीशेजारी बसल्यावर हातात कागदच असावा. असं का, आणि ते जमवायचं कसं, हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की कुठलं पुस्तक हवंय

‘मॅन्युअल’ म्हणून लोक चार वेगवेगळ्या गोष्टी मागतात. गाडीसोबत मिळते ती मालक पुस्तिका. तिच्यात ऑइलचा ग्रेड, टायरमधली हवा, फ्यूज कुठे, बल्ब कितीचा, सर्व्हिस कधी, एवढं असतं. दुसरं वर्कशॉप मॅन्युअल, ज्यात इंजिन उघडण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं असतं. तिसरा पार्ट्स कॅटलॉग: प्रत्येक भाग सुटा करून काढलेलं चित्र आणि त्याचा पार्ट नंबर. चौथा वायरिंग डायग्राम, जो कधी वर्कशॉप मॅन्युअलच्या शेवटी असतो, कधी वेगळा.

ऑइल, एअर फिल्टर, चेनचा ताण, फ्यूज, बल्ब एवढीच कामं करायची असतील तर मालक पुस्तिका पुरते. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ती फुकट मिळते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पार्ट्स कॅटलॉगकडे फार थोडे लोक वळतात, याचं मला वाईट वाटतं. वॉशर बोल्टच्या डोक्याकडे की नटाकडे, स्प्रिंग आधी की बुश आधी, हे कॅटलॉगच्या एका चित्रात जितकं स्वच्छ कळतं तितकं वर्कशॉप मॅन्युअलच्या दोन परिच्छेदांत कळत नाही. शिवाय पार्ट नंबर हातात असेल तर स्पेअर पार्टच्या काउंटरवर ‘तो डावीकडचा रबर द्या’ अशी वेळ येत नाही.

पहिली पायरी: गाडी ओळखा

कागद की स्क्रीन हा प्रश्न दुय्यम आहे. मॅन्युअल तुमच्याच गाडीचं आहे का, हा पहिला प्रश्न. आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

‘बुलेट ३५०’ हे नाव घ्या. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं, गिअरबॉक्सचं आणि क्लचकडच्या चेनकेसचं ऑइल वेगवेगळं भरायचं. पुढे आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात सगळं एकाच केसिंगमध्ये, ऑइलही एकच. २०२३ मध्ये बुलेटला जे-सिरीजचं इंजिन आलं, ते ३४९ सीसीचं, आधीचं ३४६. जुनीला काँटॅक्ट पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप होणारे संपर्क) आहेत आणि त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची. यूसीईत पॉइंटच नाहीत. टाकीवरचं नाव एक, पुस्तकं तीन. जुनीचं पुस्तक घेऊन कुणी यूसीईसमोर बसला तर तो गिअरबॉक्समध्ये ऑइल भरायची वेगळी जागा शोधतच राहील.

मारुती ८०० चंही तसंच. डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत ती बनली. सुरुवातीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या. दोघींचा पेट्रोलचा आणि वायरिंगचा भाग एकमेकींना लागूच पडत नाही.

म्हणून आरसी काढा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: चासी नंबर, इंजिन नंबर, बनवल्याचा महिना आणि वर्ष. नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका. नोव्हेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग होते आणि मधल्या काळात कंपनीने मॉडेल बदललेलं असू शकतं. आताच्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं कंपनीची: एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमबीएल म्हणजे हिरो, एमडी२ म्हणजे बजाज. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, तेव्हा गोल दिसेल ते शून्यच वाचा. चांगल्या वर्कशॉप मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत ते कोणत्या चासी किंवा इंजिन नंबरपासून लागू आहे ते दिलेलं असतं. ते पान तुमच्या नंबराशी जुळलं की मगच पैसे काढा.

परदेशी पुस्तकाबाबत विशेष जपा. आपल्याकडच्या गाडीची बहीण जपानात किंवा इंग्लंडात विकली गेलेली असते आणि तिचं पुस्तक सहज मिळतं. इंजिनाचा गाभा बऱ्याचदा जुळतो. पण वायरिंग, ब्रेक आणि धुराचे नियम पाळण्यासाठी बसवलेले भाग हमखास वेगळे निघतात. अमेरिकी पुस्तकात तर स्टिअरिंगच डावीकडे.

छापील पुस्तकाची ताकद

ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्स कारचं मॅन्युअल काढलं. गाडी स्वतः पूर्ण उघडायची, परत जोडायची आणि ते करताना काढलेल्या फोटोंवरून पुस्तक लिहायचं, ही त्यांची रीत. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्या कित्येक पिढ्या या पुस्तकांवर वाढल्या. त्याच कंपनीने २०२० च्या अखेरीस जाहीर केलं की नव्या मॉडेलांची छापील मॅन्युअल यापुढे काढणार नाही. म्हणजे नव्या गाडीसाठी छापील पुस्तक निवडायची सोय हळूहळू संपतेच आहे. जुन्या गाडीसाठी मात्र ती अजून आहे आणि तिचा फायदा घ्यावा.

जुनी गाडी बदलत नाही. १९९० च्या स्कूटरला आता कंपनी नवीन दुरुस्तीसूचना पाठवणार नाही. त्यामुळे पुस्तक जुनं झालं असं तिच्या बाबतीत होत नाही. पुस्तक उघडं ठेवता येतं, शेजारी दुसरं पान बोटाने धरून ठेवता येतं, ऑइलचा हात लागला तरी विझत नाही. समासात मराठीत लिहिता येतं: ‘हा बोल्ट आतून, आधी टाकी काढावी’. गाडी घरातल्या पुढच्या माणसाकडे गेली की या नोंदींसकट पुस्तक त्याच्याकडे जातं.

कमतरताही आहेत. शब्द शोधता येत नाही, अनुक्रमणिकेवर विसंबावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओलसर होतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. गॅरेजच्या भिंतीतल्या फळीवर पुस्तक ठेवू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या कपाटात ठेवा.

बीएस-६ गाडीला डिजिटल का

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकीतही इंधन इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) सर्रास झाले. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याआधीच, एप्रिल २०१९ पासून आलं होतं. अशा गाडीत बिघाड शोधायचा म्हणजे स्कॅनरवर आलेला कोड मॅन्युअलमध्ये शोधायचा.

एक उदाहरण घेऊ. कारला स्कॅनर लावला आणि पी०११३ कोड आला. त्याचा अर्थ: इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. पुष्कळ जण इथेच सेन्सर बदलायला पळतात. पण कोड सर्किटबद्दल बोलतो आहे. मॅन्युअलमध्ये त्या कोडखाली पायऱ्या दिलेल्या असतात: कपलर (वायरींचा जोड) नीट बसलाय का, पिना हिरव्या पडल्यात का, वायर तुटलीय का, आणि मग अमुक तापमानाला सेन्सरचा रेझिस्टन्स किती यायला हवा. सेन्सर बदलणं यादीत बरंच खाली येतं. डिजिटल मॅन्युअलमध्ये ‘पी०११३’ टाइप केलं की थेट त्या पानावर जाता येतं. जाडजूड पुस्तकात हेच शोधायला वैताग येतो.

दुसरं कारण सुधारणा. गाडी बाजारात आल्यानंतर कंपनी डीलरांना सूचनापत्रं पाठवत राहते: अमुक क्लिप बदला, तमुक बोल्टचा टॉर्क (आवळायचा जोर) आता इतका. छापील पुस्तकाला हे कळायला मार्ग नाही. म्हणून डिजिटल मॅन्युअल घेताना त्याची आवृत्ती आणि तारीख विचारा. चार वर्षांपूर्वी कुणीतरी उतरवून ठेवलेली पीडीएफ ही नावालाच डिजिटल. ती छापील पुस्तकाइतकीच थांबलेली असते.

आणि वर्गणीचं मॅन्युअल घेतलं असेल तर वर्गणी संपली की पान बंद. काम सुरू करायच्या आधी लागणारा भाग ऑफलाइन ठेवता किंवा छापता येतो का, ते नियमांत बघून घ्या. इंजिन उघडून ठेवलंय आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये रेंजच नाही, ही परिस्थिती फार सहज येते.

फाइल किंवा पुस्तक घेताना काय तपासायचं

भारतात वर्कशॉप मॅन्युअल बहुतेक कंपन्या डीलरपुरतं ठेवतात, ही खरी अडचण आहे. सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. त्यावर अपिलं झाली. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यात वाहनं आणि शेतीची अवजारं ही दोन्ही क्षेत्रं आहेत. शोधाची सुरुवात या पोर्टलवरून आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून करा. तिथे नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबर घेऊन जा आणि नीट विचारा. कॅटलॉगचं पान दाखवायला तिथला माणूस सहसा कुरकुर करत नाही.

फुकट फाइलींच्या साइटवर बरंचसं साहित्य परवानगीशिवाय चढवलेलं असतं, आणि ते अर्धवटही असतं. ‘मॅन्युअल’ म्हणून झिप फाइल आली आणि आत चालवायचा प्रोग्रॅम निघाला तर ती तिथेच उडवा. मॅन्युअल वाचायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडे अनुक्रमणिकेचं पान, चासी नंबरचं पान आणि वायरिंगचं एक पान मागा. वायरिंगचं पान मूळ पुस्तकात घडी घातलेलं मोठं असतं. स्कॅन करताना ते अर्धंच येतं किंवा मधली घडी काळी पडते. फाइल उघडल्यावर तिच्यात ‘टॉर्क’ हा शब्द इंग्रजीत शोधून बघा. काहीच सापडलं नाही तर पानं नुसते फोटो आहेत. मग शोधायच्या सोयीचा फायदा तुम्हाला मिळणारच नाही.

जुनं छापील पुस्तक घेताना मागून उघडा. शेवटची वायरिंगची पानं फाटलेली किंवा गायब असतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर पुस्तकं चाळताना अशी मॅन्युअल कधीमधी हाती लागतात. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलात तर जुन्या दुकानदारांकडेही चौकशी करा.

टॉर्कचा तक्ता: इथे डोळ्यात तेल घालून बघा

मॅन्युअल कुठल्याही रूपात असलं तरी या एका पानावर सावकाश थांबायला हवं. टॉर्क तीन एककांत दिलेला असतो: न्यूटन-मीटर, किलोग्रॅम-मीटर आणि पाउंड-फूट. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. एक पाउंड-फूट म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर.

समजा ८ मिमीच्या बोल्टला २२ न्यूटन-मीटर दिलंय. टॉर्क रेंचवर दोन पट्ट्या असतात आणि तुम्ही चुकून पाउंड-फूटच्या पट्टीवर २२ लावलं तर बोल्टवर जवळजवळ ३० न्यूटन-मीटर बसतात. लोखंडात कदाचित निभावेल, ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे मात्र बोल्टसोबत बाहेर येतील.

खराब स्कॅनमध्ये दशांशचिन्ह पुसलं जातं आणि १.० चं १० दिसतं. ते पकडायची सोपी युक्ती अशी: शेजारच्या रकान्यातला न्यूटन-मीटरचा आकडा किलोग्रॅम-मीटरच्या साधारण दहापट असलाच पाहिजे. २.२ शेजारी २२ हवं, १.० शेजारी १०. नसेल तर दोनपैकी एक आकडा चुकीचा आहे, आणि खात्री होईपर्यंत बोल्टला हात लावू नका. तक्त्यात एकच एकक असेल तर दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा.

वायरिंग मोठ्या कागदावर छापा

वायरिंग डायग्राम मोबाइलवर बघायचा हट्ट सोडा. झूम केलं की रेघ कुठून निघाली ते सुटतं, लहान केलं की अक्षर दिसत नाही. ए-३ आकारात प्रिंट काढा. मूळ फाइल रंगीत असेल तर रंगीतच काढा.

टेल लाइट लागतोय पण ब्रेक लाइट लागत नाही, एवढ्याशा कामातही याचा उपयोग दिसतो. प्रिंटवर ब्रेक स्विच शोधा आणि त्याच्याकडे येणारी व त्याच्याकडून बल्बकडे जाणारी वायर स्केचपेनने रंगवून घ्या. वाटेत कुठकुठले कपलर लागतात त्यांना गोल करा. आता टेस्ट लॅम्प घेऊन त्याच गोलांवर एकेक करून तपासत जायचं, बस. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका असेल तर जोड आहे, नसेल तर वायर नुसती वरून जाते. पुसट झेरॉक्समध्ये हा ठिपकाच आधी जातो, म्हणून प्रिंट ठळक हवी.

रंगांची अक्षरं कंपनीगणिक बदलतात. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ‘बीएल’ म्हणजे काळा आणि ‘बीयू’ म्हणजे निळा. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये ‘बी’ काळा आणि ‘एल’ निळा. होंडाच्या दुचाकींत आणि हिरो होंडाच्या काळातल्या गाड्यांत हिरवी वायर अर्थिंगची. ‘जी/वाय’ लिहिलं असेल तर हिरव्या वायरवर पिवळी रेघ. पहिला रंग मुख्य, दुसरा रेघेचा. अक्षरांचा तक्ता त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

पूर्ण मॅन्युअल छापून स्पायरल बाईंडिंग करायचा मोह होतो, पण त्याची गरज नाही. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर. कामाच्या आदल्या दिवशी फक्त त्या कामाची पानं छापा: पायऱ्यांचं पान, टॉर्कचं पान, मापांचं पान आणि पार्ट्स कॅटलॉगचं चित्र. छापील पुस्तक असेल तर तेवढ्याच पानांचं झेरॉक्स काढा, म्हणजे मूळ पुस्तकाला ऑइल लागत नाही. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स टिकतं.

पानं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, पाना उचलायच्या आधी. ‘नवीन पॅकिंग वापरा’, ‘बोल्ट पुन्हा वापरू नये’ अशा ओळींवर खूण करा आणि ते सामान आधी आणून ठेवा. मापांच्या पानावर दोन आकडे असतात, एक नवीन भागाचं माप आणि दुसरं सर्व्हिस लिमिट. भाग या मर्यादेबाहेर गेला की बदलायचा, तोवर चालतो. हे नीट वाचलं तर मिस्त्रीने ‘सगळंच बदला’ म्हटल्यावर तुमच्याकडे विचारायला मुद्दा असतो.

एअरबॅगची पिवळ्या कपलरची वायरिंग आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल या दोन ठिकाणी मॅन्युअल हातात असलं तरी घरी हात घालू नका. नारिंगी रंग म्हणजे जीवघेणं व्होल्टेज. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

काम संपल्यावर त्या तेलकट प्रिंटच्या मागे तारीख, किलोमीटर आणि सापडलेली मापं लिहा आणि गाडीच्या फाइलमध्ये लावा. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट शिमने, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकतीने, सेट होणाऱ्या इंजिनात तर हे कराच: कुठल्या व्हॉल्व्हला किती मिलिमीटरचा शिम बसवला आणि फट किती आली. पुढच्या वेळी फट मोजल्याबरोबर कितीचा शिम लागेल ते जुन्या आकड्यावरून काढता येतं, आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवून आतला शिम बघावा लागत नाही.